शिटी हाती घेताना: कबड्डी पंच होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझे खेळणे थांबले. मला संघातून कोणी काढले नव्हते. संध्याकाळच्या सरावाची आणि घरच्या स्वयंपाकाची वेळ एकच होती, एवढेच कारण त्याला पुरले. माझ्याबरोबरच्या बहुतेक जणी अशाच, निरोपाचा सामनाही न खेळता, मैदानाबाहेर गेल्या. पुरुषांची कबड्डी १९९० साली आशियाई स्पर्धेत आली आणि महिलांची त्यानंतर वीस वर्षांनी, २०१० साली ग्वांगझू येथे. २०१२ मध्ये पाटण्याला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघी होत्या, आणि त्या वर्षी आमच्या तालुक्याच्या मैदानावर नव्या मुलींची रीघ लागली होती. त्यांतल्या फार थोड्या आज मैदानावर दिसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी परतले ती पंच म्हणून. हा मार्ग मला कोणी आधी सांगितला असता, तर मधली चार वर्षे वाया गेली नसती. म्हणून जी मुलगी आज खेळते आहे, तिने खेळत असतानाच पंच परीक्षेचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सुरुवात गुणलेखनाच्या टेबलापासून करावी. सामन्याला दोन पंच, एक सरपंच म्हणजे मुख्य पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक लागतात. साहाय्यकाचे काम दुय्यम समजले जाते, पण बाद झालेला खेळाडू ज्या क्रमाने बाहेर बसतो त्याच क्रमाने आत जातो, आणि हा क्रम चुकला की पुढचा सगळा सामना वादात सापडतो. चढाई, पकड, बोनस, लोणाचे (समोरचा सगळा संघ बाद केल्याचे) दोन जादा गुण हे सारे कागदावर उतरवताना नियम जसे अंगवळणी पडतात, तसे नुसत्या पाठांतराने पडत नाहीत. मी पूर्ण एक हंगाम फक्त गुणलेखन केले आणि तो वेळ मला आजही उपयोगी पडतो.

खेळाडू म्हणून आपल्याला नियम माहीत आहेत, हा समज मात्र आधी सोडावा लागतो. पंच म्हणून माझ्या पहिल्याच स्पर्धेत मी एका चढाईला बोनस गुण दिला. पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे होता आणि मागचा पाय हवेत होता, हे मी अचूक टिपले होते. परंतु समोर बचावाला पाचच खेळाडू होत्या आणि बोनससाठी किमान सहा लागतात, हे माझ्या ध्यानातच आले नाही. सरपंचांनी निर्णय बदलला. तेव्हापासून प्रत्येक चढाईपूर्वी बचावातील खेळाडू मोजण्याची सवय मी लावून घेतली. तीन किंवा त्याहून कमी जणी उरल्या असतील तर पकडीचा एक गुण वाढतो, त्यामुळे ही मोजणी दोन्ही बाजूंनी कामाला येते. राखीव क्षेत्राचेही, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांचेही, असेच आहे: चढाई करणारी आणि बचाव करणारी यांचा स्पर्श होण्यापूर्वी तिथे पाय गेला तर खेळाडू बाद, स्पर्शानंतर तोच भाग खेळाचा. हा फरक डोळ्याने पकडायला सराव लागतो, आणि तो सराव रोजच्या खेळात पंचाच्या बाजूला उभे राहूनच होतो.

महिलांच्या मैदानाची मापे वेगळी पाठ करावीत. वरिष्ठ गटात मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असते, पुरुषांचे १३ बाय १०. महिलांचा डाव १५ मिनिटांचा असतो, पुरुषांचा २० मिनिटांचा. स्थानिक स्पर्धेत संयोजकांनी पुरुषांच्याच रेषा आखून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. अशा वेळी सामना सुरू होण्यापूर्वी टेप मागवून मोजणी करून घेणे हे पंचाचे कर्तव्य आहे, कितीही कुरकुर झाली तरी.

शरीराची तयारी खेळाडूइतकीच हवी. दिवसाला पाच-सहा सामने उभ्याने करताना घोटे आणि कंबर बोलू लागतात, म्हणून मी रोज अर्धा तास धावते आणि बैठका मारते. हा अर्धा तास मिळवायला घरी बोलावे लागले. पण ‘स्पर्धेची नेमणूक आली आहे’ या वाक्याला घरात जे वजन मिळते, ते ‘खेळायला जाते’ याला मिळत नव्हते. मानधन फार नसते, त्यावर संसार चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. नेमणूक स्वीकारताना कपडे बदलण्याची खोली, स्वच्छतागृह आणि रात्री परतण्याची सोय यांविषयी स्पष्ट विचारावे. खेळाडूंच्या वजनाच्या वेळी स्त्री अधिकारी असणे मला अत्यावश्यक वाटते. ती नसेल तर स्वतः पुढे व्हावे, कारण पहिल्यांदाच स्पर्धेला आलेल्या मुलीचा संकोच तिथेच दूर होतो.

परीक्षेची चौकशी आपल्या जिल्ह्याच्या कबड्डी संघटनेकडे करावी. तोवर जवळच्या शालेय स्पर्धेत, १४, १७ किंवा १९ वर्षांखालील कोणत्याही गटात, गुणलेखनाला बसू द्या अशी विनंती करावी. मी स्वतः तीन ठिकाणी विचारले आणि तिन्ही ठिकाणी मला त्याच सकाळी खुर्ची मिळाली, कारण गुणलेखक नेहमीच कमी पडतात.