आयबीडी असेल तर पुढच्या दहा-वीस वर्षांवर नजर कशी ठेवायची

आयबीडी म्हणजे आतड्याला वारंवार सूज येत राहण्याचा दीर्घकाळचा आजार, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे त्याचे दोन मुख्य प्रकार. त्याचं निदान झालं की सुरुवातीचे महिने सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असतं, दिवसातून किती वेळा संडासला जावं लागतंय आणि रक्त पडतंय का. ते साहजिकच आहे. पण औषधांनी जरा बरं वाटायला लागलं की बरेच जण फाईल कपाटात टाकतात आणि पुन्हा त्रास झाला की मगच डॉक्टरचं तोंड बघतात, आणि खरा घोळ इथेच होतो, कारण हा आजार काहीही त्रास होत नसतानासुद्धा आतल्या आत पुढे सरकू शकतो. त्रास वेगळा आणि सूज वेगळी. एवढं एक पक्कं डोक्यात ठेवा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

सगळ्यात आधी आपला प्रकार कुठला ते बायोप्सीच्या (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणं) आणि स्कोपीच्या (नळीच्या कॅमेऱ्याने आतून बघणं) रिपोर्टवर नीट बघा, डॉक्टरांना विचारून घ्या, नुसतं "आतड्याला सूज आहे" एवढ्यावर घरी येऊ नका. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो आणि मोठ्या आतड्यात सलग वर चढत जातो, सूज मुख्यतः आतल्या अस्तरापुरती असते. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधले मधले भाग चांगले सोडून देतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार जातो. हा फरक महत्त्वाचा आहे कारण दोघांची पुढची वाट वेगळी.

कोलायटिसमध्ये काय होतं, की सुरुवातीला फक्त गुदाशयात असलेली सूज काही जणांमध्ये पुढच्या वर्षांत वर पसरते. सगळ्यांमध्ये नाही. म्हणून निदानाच्या वेळी "थोडंसंच आहे" असं ऐकलं असेल तरी पाच-सात वर्षांनी तेवढंच असेल असं धरून चालू नका. क्रोन्सचं वेगळं आहे. तिथे बहुतेकांना सुरुवातीला नुसती सूज असते, मग ती येत-जात राहिली की प्रत्येक वेळी भरून येताना थोडा व्रण राहतो, असे व्रण साठत साठत आतडं अरुंद होतं म्हणजे स्ट्रिक्चर, किंवा भिंतीतून बोगदा पडून शेजारच्या भागाशी नाहीतर त्वचेशी जोडला जातो म्हणजे फिस्टुला. क्रोन्सच्या साधारण निम्म्या लोकांमध्ये वीस वर्षांत यातलं काहीतरी होतं. आणि सूज औषधाने उतरते पण घट्ट झालेला व्रण औषधाने फारसा परत मऊ होत नाही, म्हणून क्रोन्समध्ये पहिली एक-दोन वर्षं फार मोलाची, चांगलं औषध "नंतरसाठी राखून ठेवू" हा विचार प्रत्येकाला लागू पडत नाही. घाबरवायला सांगत नाहीये हे, उलट आताच्या औषधांनी खूप जण नोकरी, लग्न, मुलंबाळं सगळं करून नीट जगतायत, फक्त लक्ष ठेवावं लागतं.

लक्ष कसं ठेवायचं तर एक वही करा. मोबाईलमध्ये केली तरी चालेल. एका तपासणीला एक ओळ, त्यात तारीख, वजन, दिवसातून सरासरी किती वेळा जावं लागतं, रात्री झोपेतून उठावं लागतं का, रक्त, मग हिमोग्लोबिन, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि फीकल कॅल्प्रोटेक्टिन, शेवटी चालू औषध आणि डोस. आता यातलं कॅल्प्रोटेक्टिन म्हणजे शौचाची तपासणी, आतड्यात पांढऱ्या पेशी गोळा झाल्या की हे वाढतं. साधारण १५० च्या खाली असेल आणि त्रास नसेल तर सूज शांत असण्याची शक्यता जास्त, २५० च्या वर गेलं की आत काहीतरी चालू आहे असं धरतात, आणि मधलं असेल तर काही आठवड्यांनी परत करायचं. पेनकिलर किंवा पोटाच्या इन्फेक्शननेही हा आकडा चढतो, त्यामुळे एकाच रिपोर्टवर घाबरून जाऊ नका, ओळी एकाखाली एक बघा.

म्हणजे समजा तुमच्या वहीत लागोपाठ तीन ओळी अशा आहेत: कॅल्प्रोटेक्टिन ९०, मग १८०, मग ४२०. आणि तिन्ही वेळेला दिवसातून दोनदाच जाताय, रक्त नाही, भूक छान. तुमच्या मनाने तुम्ही ठणठणीत, पण हा राखेखालचा निखारा आहे आणि डॉक्टरला आत्ताच फोन करायचा, पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. याच्या उलटही होतं बरं का. पोट दुखतंय, जुलाब आहेत, पण कॅल्प्रोटेक्टिन नॉर्मल आणि स्कोपीत अस्तर स्वच्छ. तेव्हा सूजेचं औषध वाढवून उपयोग नसतो, आयबीएससारखा, म्हणजे सूज नसताना आतड्याच्या कामात बिघाड असल्याचा त्रास असू शकतो, किंवा लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असेल तर पित्तामुळे होणारे जुलाब असू शकतात आणि त्याचं औषध निराळं आहे. हे वेगळं काढता येतं ते वहीमुळेच.

फ्लेअर आला, म्हणजे आजार पुन्हा उसळला की थेट स्टेरॉइड सुरू करू नका, जुनी गोळी घरात पडलेली असली तरी नाही. आधी शौचाची तपासणी करून इन्फेक्शन आहे का, विशेषतः सी डिफिसिल नावाचा जंतू आहे का ते बघतात. स्टेरॉइडबद्दल मला अगदी ठासून सांगायचंय. ते आग विझवायला आहे, रोज चालू ठेवायला नाही. हाडं, साखर, डोळ्यांत मोतीबिंदू, झोप, मूड सगळ्यावर परिणाम होतो. वर्षात दोनदा कोर्स घ्यावा लागला किंवा डोस कमी केला की लगेच त्रास उसळतो असं होत असेल तर त्याचा अर्थ मूळ औषध, म्हणजे सूज कायम दाबून ठेवणारं, पुरत नाहीये, तेव्हा "अजून एक कोर्स द्या" न म्हणता "औषध बदलायचं का" असं विचारा. आणि चालू असलेलं स्टेरॉइड मनाने एकदम बंद तर कधीच नाही.

मूळ औषधांचं म्हणाल तर मेसालामाइन बरं वाटतंय म्हणून सोडलं की कोलायटिस उलटण्याची शक्यता वाढते, आणि त्यासोबत वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघायचं. अझाथायोप्रीनला काम करायला दोन-तीन महिने लागतात, तोवर "लागूच पडत नाही" म्हणून सोडू नका, पण रक्तपेशी आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका, सुरुवातीला तर त्या वरचेवर कराव्या लागतात. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅबसारखी बायोलॉजिक (सूज घडवणारा ठरावीक घटक अडवणारी इंजेक्शनची औषधं) सुरू करण्याआधी टीबी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, लसीही शक्यतो आधीच पूर्ण करा कारण नंतर जिवंत लसी घेता येत नाहीत. आणि डोसची तारीख पाळा. मध्येच मोठी गॅप पडली की शरीर त्या औषधाविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं आणि चांगलं चाललेलं औषध हातचं जातं.

कॅन्सरची भीती सगळ्यांनाच असते, बोलत कोणी नाही. धोका किती हे आतड्याचा किती भाग सुजलेला आहे, किती वर्षं आणि सूज किती काळ शांत न होता राहिली यावर असतं. म्हणून त्रास सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी तपासणीची कोलोनोस्कोपी करतात, आणि पुढे धोक्याप्रमाणे १ ते ५ वर्षांनी. सूज फक्त गुदाशयात असेल तर सहसा ही लागत नाही. पण पीएससी नावाचा पित्तनलिकांचा आजार सोबत असेल तर आठ वर्षं थांबायचं नाही, तो कळल्यापासूनच दरवर्षी. ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठी लिहून ठेवा, कारण तब्येत बरी असताना हीच सगळ्यात आधी विसरली जाते. आणि शक्य तर सूज शांत असताना करा, चालू सूजेत पेशींमधले बदल वाचणं अवघड जातं.

आतड्याबाहेरचंही बघा. सांधे दुखणं, डोळा लाल होऊन दुखणं आणि उजेड सहन न होणं, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी, हे सगळं याच आजाराचं असू शकतं, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरलाही आयबीडी आहे हे सांगा. लोह, बी१२, ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा, स्टेरॉइड बरंच झालं असेल तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी. पेनकिलरमध्ये आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. सिगारेट क्रोन्सला फार वाईट, सोडलीत तर पुढच्या वाटेवर खरंच फरक पडतो.

मूल हवं असेल तर आधी काही महिने सूज शांत ठेवणं हे सगळ्यात महत्त्वाचं, बहुतेक औषधं गरोदरपणात चालू ठेवतात, मेथोट्रेक्सेट मात्र चालत नाही आणि ते बरंच आधी थांबवावं लागतं, म्हणून आधी बोला. क्रोन्सचं ऑपरेशन झालं असेल तर ते संपलं असं समजू नका, जोडाच्या जागी सूज परत येऊ शकते, तीही त्रास न देता, त्यामुळे ६ ते १२ महिन्यांत स्कोपी करून घ्या.

आणि वाट बघायची नाही असं केव्हा, तर दिवसात सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा नाडी ९० च्या वर, पोट फुगून कळा, उलट्या आणि गॅससुद्धा पास होत नाही, गुदद्वाराजवळ दुखरी गाठ आणि ताप, किंवा एकच पाय सुजून दुखणं, अचानक दम लागणं. शेवटचं अशासाठी की फ्लेअरमध्ये रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.