सातमाळ्याच्या रांगेत पाणी आणि मुक्काम कसा शोधायचा

हातगडापासून मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईपर्यंत सातमाळ्याची रांग नाशिक जिल्ह्यात पूर्व-पश्चिम पसरली आहे. मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, राजधेर, इंद्राई यांपैकी काही गड जोडून दोन-तीन दिवस चालायचं असेल, तर आखणी पाण्यावरून करा, शिखरांवरून नको. पश्चिमेला सुरगाण्याकडे पाऊस दणकून पडतो, तर पूर्वेला चांदवड, येवला, नांदगाव पर्जन्यछायेत आहेत. डिसेंबरात दोन्हीकडच्या गडांवरची कातळात खोदलेली पाण्याची टाकी सारखीच भरलेली दिसतात. होळीनंतर मात्र चांदवडच्या अंगाला तळ दिसू लागतो.

चालताना थंडीत माणशी ३ लिटर धरा, मार्चमध्ये ५. रात्रीची खिचडी आणि सकाळचा चहा यांना आणखी दीड लिटर.

टाकं कुठे सापडेल, हे कातळच सांगतो. बेसॉल्टचे थर आडवे असतात. वरच्या सच्छिद्र थरातून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट कातळावर किंवा लाल मातीच्या पट्ट्यावर अडतं आणि कड्याच्या पोटातून पाझरतं. त्यामुळे सगळा माथा पालथा घालण्याआधी कड्याच्या पायथ्याची आडवी वाट धरून बघा. इंद्राईवर टाकी भरपूर आहेत, पण सगळी पिण्याजोगी असतीलच असं नाही. कातळाच्या पोटात शिरलेलं, सावलीतलं खांबटाकं (कातळाचेच खांब ठेवून आत खोदलेलं टाकं) आधी निवडा. ऊन लागत नसल्याने त्यात शेवाळ कमी असतं. उघड्यावरचं हिरवं पाणी फार तर भांड्यांना. भरण्याआधी वास घ्या आणि टॉर्च मारून कडेकोपरे तपासा. पाण्यावर वांदराचं किंवा घुशीचं मढं तरंगत असेल तर ते टाकं सोडून द्या, तिथे उकळण्याचा खटाटोपही नको.

पाणी खोल गेलेलं असतं, म्हणून ८-१० मीटर नायलॉनची दोरी आणि तोंड कापलेला दोन लिटरचा कॅन सोबत हवाच. कॅनच्या एका बाजूला छोटा दगड बांधा, नाहीतर तो पाण्यावर आडवा तरंगत राहतो. वरवरचं पाणी हळू उचला, तळचा गाळ ढवळला तर तासभर बसून राहावं लागेल. टाक्यात पाय घालायचा नाही, काठावर ताटं विसळायची नाहीत.

शुद्ध करताना क्रम चुकवू नका. आधी सुती कापडाची चार पदरी घडी करून गाळा, मग खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या. क्लोरीनचे थेंब वापरणार असाल तर बाटलीवरचं प्रमाण पाळा आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, जंतू तसेच राहतात.

गुराख्याला विचाराल तर नुसतं ‘पाणी आहे का?’ म्हणू नका. तो ‘आहे की’ म्हणेल, आणि ते गुरांचं निघेल. ‘दादा, तुम्ही आज प्यायला कुठून आणलं?’ असं विचारा. नाल्यात उंबर दिसला तर त्याखालच्या वाळूत हातभर खोल झिरा, म्हणजे पाणी पाझरून साचेल असा खड्डा, खणा, साचलेलं पहिलं पाणी दोनदा उपसून टाका, तिसऱ्यांदा भरा.

खाली उतरल्यावर गावची पिण्याची विहीर किंवा हापसा गाठा. द्राक्षबागेजवळचं शेततळं पाहून मोह होतो, पण त्यात खतं-औषधं उतरलेली असू शकतात आणि ती उकळून जात नाहीत. शिवाय त्याचं प्लास्टिक इतकं निसरडं असतं की आत घसरलेला पोहणारा माणूसही वर येऊ शकत नाही. काठावरही जाऊ नका. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या वाडीत घरोघरी कॅन भरून मागणं बरं नव्हे. तांब्याभर प्या आणि पुढे चला.

मुक्काम पाण्याजवळ हवा, पाण्यावर नको. किमान ६०-७० पावलं लांब राहा, कारण रात्री जनावरं तिथेच येतात. धोडपच्या देवीच्या गुहेत झोपायची सोय आहे आणि पिण्याचं टाकंही जवळच आहे. गुहेत शिरण्याआधी वरच्या कड्याला आग्या मोहोळ आहे का ते बघा. असेल तर चूल सोडाच, उदबत्तीही लावू नका. संरक्षित गडावर राहायचं तर पुरातत्त्व खात्याकडे आधी चौकशी करा.

तंबूसाठी बारी टाळा, कारण दोन डोंगरांमधल्या त्या फटीतून रात्रभर वारा वाहतो. घळीचा तळही टाळा. जड गार हवा तिथेच साचते आणि पहाटे तंबू दवाने आतून-बाहेरून ओला होतो. तळापासून वीस-तीस मीटर वरचा, झाडांच्या आडोशाचा टप्पा उत्तम. नोव्हेंबरनंतर गवत वाळतं, तेव्हा स्टोव्हभोवतीचं दोन हात गवत उपटूनच काडी ओढा.

गावात शाळेचा ओटा किंवा मारुतीचं देऊळ सर्वांत सोयीचं, फक्त पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना आधी सांगा. शेतात तंबू टाकायचाच असेल तर मालकाला विचारा, ‘रात्री लाईट कधी येते?’ कांद्याला पाणी बऱ्याचदा रात्रीच भरतात, आणि वाफ्याच्या कडेला झोपलेल्याची पथारी पहाटे दोनला भिजते. उसाच्या किंवा मक्याच्या फडालगत मात्र कोणी परवानगी दिली तरी झोपू नका. तिथे बिबट्या दडतो. उरलंसुरलं अन्न बाहेर टाकलं की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो.