डायल-इन मोडेम रात्री गप्प ठेवायचा असेल तर

जुन्या लिनक्स सर्व्हरला डायल-इन मोडेम (फोन लाइनवरून लॉगिन करू देणारं यंत्र) आहे, लॉगिन फक्त दिवसा लागतं, पण तो रात्री २ वाजताही कोणाचाही फोन उचलतो. वायर उपटायला रोज कोण जाणार?

एमगेटी (मोडेमवर आलेला फोन उचलून लॉगिन देणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर एक रिकामी फाइल पुरते. ‘ईटीसी’ डिरेक्टरीत फाइल करायची. तिचं नाव ‘नोलॉगिन’, मग टिंब, मग पोर्टचं नाव. पहिल्या सिरियल पोर्टसाठी टीटीवाय-एस-शून्य, त्यातला एस कॅपिटल. फाइल असेपर्यंत रिंग वाजत राहते, मोडेम उचलत नाही. काढली की पुन्हा उचलतो. एमगेटी रीस्टार्ट करावा लागत नाही.

१. रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या) क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडच्या यादीत, संध्याकाळी ६ ला ‘टच’ने फाइल बनवा.
२. सकाळी ९ ला ‘आरएम’ने उडवा.
३. रात्री मोबाइलवरून एकदा रिंग देऊन बघा.

हात लागलाच आहे तर ‘सिक्युअरटीटीवाय’ फाइलमधून (रूटला कुठल्या पोर्टवरून लॉगिन करता येतं याची यादी) त्या पोर्टची ओळही काढा, म्हणजे फोनवरून थेट रूट लॉगिन बंद. (पॅममध्ये, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेत, ती तपासणी चालू हवी, नव्या डिस्ट्रोंत बहुधा नसते.)

एक लक्षात ठेवा: ६ च्या आधी आत आलेला माणूस फाइलमुळे बाहेर पडत नाही. त्याचं सेशन वेगळं तोडावं लागतं.