पॅरिस ते व्हिएन्ना रेल्वेने: सहल कशी आखावी

पंधरा दिवसांत दहा देश दाखवणाऱ्या टूरमध्ये युरोप बसच्या काचेतून दिसतो, खाली उतरायचं ते फोटोपुरतं. रेल्वेने स्वतः फिरायचं तर तेवढ्याच दिवसांत चार देश पुरेत. पाचवा घुसवलात की एक दिवस बॅगा भरणं, हॉटेल सोडणं आणि स्टेशन गाठणं यातच जातो.

आधी मार्ग ठरवा

नकाशावर मागे न वळणारी रेघ ओढा. विमानाचं तिकीट मल्टी-सिटी शोधा, म्हणजे जाताना मुंबई-पॅरिस आणि येताना व्हिएन्ना-मुंबई. पुन्हा पॅरिसलाच येण्यात एक दिवस आणि एक महागडं तिकीट वाया जातं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हा मार्ग सुचवतो: पॅरिस ४ रात्री, लुझर्न ४, मिलान १, व्हेनिस २, एक रात्र गाडीत आणि शेवटी व्हिएन्ना ३.

मग व्हिसा

शेंगेन व्हिसा एकच, २९ देशांत चालतो. पण अर्ज जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे करायचा. वरच्या आराखड्यात फ्रान्स आणि स्वित्झर्लंड बरोबरीत आहेत. अशा वेळी ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे, म्हणजे फ्रान्सकडे. लुझर्नची एक रात्र वाढवलीत तर अर्ज स्वित्झर्लंडकडे जाईल, म्हणून रात्री नक्की झाल्याशिवाय फॉर्मला हात लावू नका. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं मुश्कील असतं, तेव्हा जितकं लवकर तितकं बरं. फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. लंडन जोडायचा मोह झाला तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, खर्चही वेगळा.

हॉटेलं फुकट रद्द होणारी घ्या. परतावा नसलेली रेल्वे तिकिटं मात्र व्हिसा हातात पडल्यावरच काढा.

पास घ्यावा का?

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. युरेल ग्लोबल पास, म्हणजे अनेक देशांच्या रेल्वेचा एकच पास, ३३ देशांत चालतो आणि महिन्यात चार दिवस प्रवासाचा, दुसऱ्या वर्गाचा पास साधारण तीनशे युरोंच्या घरात जातो. एवढ्यावर भागत नाही. फ्रान्सची वेगवान टीजीव्ही, इटलीच्या वेगवान गाड्या आणि रात्रीच्या गाड्यांत पासधारकालाही आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. पास खरं तर विकतो ते स्वातंत्र्य: मनात आलं, गाडीत बसलो. आपण व्हिसासाठी रात्रीन् रात्र लिहून दिलेली असते, मग त्या स्वातंत्र्याचं करायचं काय? ठरलेल्या मार्गाला दोन-तीन महिने आधी काढलेली सुटी तिकिटं बहुतेक वेळा स्वस्त पडतात.

अपवाद आहेत. चार ते अकरा वर्षांची मुलं बरोबर असतील तर एका मोठ्या माणसामागे दोन मुलांचा पास फुकट मिळतो. वय २७ पर्यंत असेल तरी सवलत आहे. अशांनी दोन्ही हिशेब मांडून बघावेत.

सगळ्यात सुंदर दिवस

लुझर्नहून मिलानला गोटहार्डच्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यातून साडेतीन तासांच्या आसपास पोचता येतं. घाई नसेल तर त्या वाटेने जाऊ नका. लुझर्न-खूर-सेंट मॉरिट्झ-तिरानो-मिलान असा दिवसभराचा प्रवास करा. यातला थूसिस ते तिरानो हा पट्टा २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. फिलिझूरजवळ ६५ मीटर उंच, वळणदार दगडी पूल ओलांडून गाडी थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते. पुढे २,२५३ मीटरवरच्या ओस्पिझिओ बर्निनापर्यंत चढते आणि मग उतरत उतरत ४२९ मीटरवरच्या तिरानोला येते. वाटेत ब्रुझिओला उतार कमी करण्यासाठी रूळ गोल पुलावरून फिरवलेत, तिथे खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन दिसतं.

मोठ्या काचांच्या बर्निना एक्स्प्रेसला आरक्षण सक्तीचं आहे. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही आणि त्यांच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. फोटो काढणाऱ्याने डोळे झाकून साधी गाडी धरावी. तिकिटासाठी स्वित्झर्लंडचा सेव्हर डे पास (एका दिवसाचा पास) बघा. लवकर घेतला तर तो ५२ फ्रँकपासून मिळतो आणि तिरानोपर्यंत चालतो. तिरानोला स्विस आणि इटालियन स्टेशनं शेजारी-शेजारी आहेत. तिथून मिलानचं कागदी तिकीट काढलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर दंड. उजवीकडची जागा पकडा, कोमो सरोवर त्या बाजूला येतं.

स्टेशनं आणि जोडगाड्या

सीएसएमटी, दादर, एलटीटी यांत जो घोळ होतो तोच पॅरिसमध्येही होतो: लंडनच्या गाड्या गार द्यु नोरहून, स्वित्झर्लंडच्या गार द लियोंहून. पॅरिस-लुझर्नला बाझलमध्ये गाडी बदलावी लागते. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर पहिली गाडी उशिरा आल्यास पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेची असते. दोन वेगळी तिकिटं असली की ती तुमची. व्हेनिसला मेस्त्रे आणि सांता लुचिया अशी दोन स्टेशनं आहेत. कालव्यासमोर उतरायचं असेल तर सांता लुचिया.

व्हेनिस-व्हिएन्ना नाइटजेट नावाची रात्रीची गाडी आहे. चार किंवा सहा बर्थच्या कुशेतमध्ये, म्हणजे झोपायच्या कप्प्यात, उशी-पांघरूण आणि सकाळचा नाश्ता तिकिटातच येतो. हॉटेलची एक रात्र वाचते. गर्दीच्या दिवसांत ही तिकिटं सगळ्यात आधी संपतात, म्हणून व्हिसा आल्यावर पहिलं बुकिंग हेच.

सामान

हमाल नाहीत. जी बॅग तुम्हाला एकट्याला तीन पायऱ्या वर चढवता येत नाही, ती घरी ठेवा. खाऊमध्ये भाकरवडी, चिवडा, मेतकूट चालेल. पेढे, बर्फी, तूप नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत.

परतीच्या दिवशी व्हिएन्नात वीन मिट्टे स्टेशनवरून विमानतळाला कॅट नावाची खास गाडी सुटते, जाहिरातीही तिच्याच दिसतील. तिथूनच सुटणारी एस-७ लोकल थोडा जास्त वेळ घेते, पण तिकीट निम्म्याहून कमी. तीच धरा.