कियांती क्लासिको: बाटली कशी पारखावी

दुकानात ‘कियांती’ आणि ‘कियांती क्लासिको’ या इटालियन रेड वाइन शेजारी मांडलेल्या असतात, पण त्यांचे नियम वेगळे. क्लासिको येते ती इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या टेकड्यांवरून. आधी बाटलीचा गळा आणि मागचं लेबल पाहा: काळ्या कोंबड्याचं चिन्ह आणि डीओसीजीची (इटलीतल्या वाइनच्या सर्वोच्च दर्जाची) सरकारी पट्टी, दोन्ही हवीत.

आत किमान 80 टक्के सांजोवेझे द्राक्षं असतात. बाकीचीही लालच, कारण 2006च्या हंगामापासून पांढरी बंद झाली, निर्णय उत्तमच. हेक्टरी उतारा 7.5 टनांपुढे चालत नाही. वेलीवर घडांची गर्दी झाली की वाइन पातळ उतरते.

मग दर्जा वाचा. साधी क्लासिको काढणीनंतरच्या वर्षी 1 ऑक्टोबरपासून विकता येते. त्यावरचा दर्जा रिझेर्वा, ती किमान 24 महिने मुरते; सर्वांत वरचा ग्रान सेलेत्सिओने, ती किमान 30. दोन्हींत 3 महिने बाटलीतले. रोजच्या जेवणाला साधीच घ्या, टोमॅटोच्या आंबटपणाशी तिचं छान जुळतं.

वाढताना 16 ते 18 अंश ठेवा. आपल्याकडच्या 30 अंशांच्या खोलीत अल्कोहोल नाकात जातं आणि फळाचा वास दबतो, म्हणून आधी तास-दीड तास फ्रिजमध्ये. फार गार केली तर मात्र तुरटपणा बोचतो.