स्पीकर पसंत करण्याआधी बोर्डामागे बघा

साध्या स्पीकरला स्वतःची पेटी असते. भिंतीत किंवा छतात बसणाऱ्या स्पीकरला बहुतेक वेळा ती नसते. जिप्सम बोर्डामागची पोकळी हीच त्याची पेटी. त्यामुळे कॅटलॉग चाळण्याआधी टेप घेऊन ही पोकळी मोजा, आणि तीही सर्वांत अरुंद जागी, कारण एसीची डक्ट किंवा बीम हमखास नको तिथेच आडवी येते. साडेसहा इंची स्पीकरला साधारण 90 ते 110 मिमी खोली लागते; मागे बंद डबा असेल तर जास्त. ‘साडेसहा इंच’ हे फक्त वूफरचं, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूचं माप आहे. भोक बरंच मोठं, बहुधा 20 सेंमीच्या आसपास पाडावं लागतं, तेव्हा डेटाशीटवरचा कटआउटचा आकडाच खरा धरा.

भिंत विटांची असेल तर एक अडचण आहे. हे स्पीकर स्क्रू आवळला की बाहेर वळणाऱ्या कानांनी पातळ बोर्डाला मागून पकडतात. विटेत ते कशाला पकडणार? प्लास्टरआधी बॅक-बॉक्स (स्पीकर ज्यात बसतो तो डबा) बसवून घ्या, नाहीतर भिंतीपुढे जिप्सम बोर्डाचं पॅनेल उभारा.

भिंत की छत? समोर बसून गाणी ऐकायची किंवा सिनेमा बघायचा असेल, तर पुढचे स्पीकर भिंतीतच हवेत, ट्वीटर (तीव्र स्वर वाजवणारा छोटा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. नट पडद्यावर आणि आवाज दिव्यांमधून, हा प्रकार वळवता येणाऱ्या ट्वीटरनेही पूर्ण जात नाही. छत पार्श्वसंगीतासाठी आणि डोक्यावरूनही आवाज ऐकवणाऱ्या डॉल्बी अ‍ॅटमॉसच्या उंचीवरच्या चॅनेलसाठी उत्तम.

छतात किती लागतील याचा हिशोब सोपा आहे. छत 2.7 मीटरवर, बसलेल्याचा कान 1.1 मीटरवर, फरक 1.6 मीटर. स्पीकरचा आवाज बाजूंना 45 अंशांपर्यंत नीट पसरतो असं धरलं, तर कानाच्या पातळीवर 3.2 मीटर व्यासाचं वर्तुळ मिळतं. त्यापलीकडे तीव्र स्वर विझत जातात आणि लोक आवाज वाढवत बसतात. मोठ्या खोलीत दोन स्पीकर जोरात वाजवण्यापेक्षा चार हळू वाजवलेले केव्हाही बरे. बाथरूमसारख्या लहान जागेत दोन ट्वीटरचा एकच स्टिरिओ स्पीकर पुरतो, मात्र तो ओलाव्यासाठी बनवलेला हवा.

वॉटच्या मोठ्या आकड्यावर भाळू नका, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॉटमध्ये तो किती मोठा आवाज देतो, ते बघा: 87 ऐवजी 90 डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये देतो. आणि 8 ओमचे दोन स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरच्या (अ‍ॅम्पच्या) एकाच चॅनेलला समांतर जोडले की अ‍ॅम्पला 4 ओम दिसतात. ते त्याला झेपतं का, हे त्याच्या मागच्या पाटीवर वाचा. नाहीतर तो तापून बंद पडतो.

वायर शुद्ध तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा रोध बराच जास्त असतो आणि टोकं लवकर तुटतात. 8 ओमच्या स्पीकरला 1.5 चौरस मिमीची वायर 15 मीटरपर्यंत चालते: जाऊन-येऊन 30 मीटर, म्हणजे सुमारे 0.4 ओम, स्पीकरच्या 5 टक्के. 25 मीटरपर्यंत 2.5 चौरस मिमी. 4 ओमच्या स्पीकरला ही अंतरं निम्मी धरा. विजेच्या वायरिंगच्या पाइपमधून स्पीकरची वायर नेऊ नका.

कापण्याआधी टेम्प्लेट (भोकाच्या मापाचा कागद) लावून बोर्डामागचं लोखंडी चॅनेल कुठून गेलंय ते चुंबकाने तपासा. कोपऱ्यापासून 60 सेंमी तरी दूर राहा. कोपऱ्यात बास (खालचे स्वर) घुमतो. स्पीकरचे कान आवळताना हात आवरता घ्या, जिप्सम चुरा होऊन पकडच जाते. लोंबती वायर बोर्डावर आपटून खरखरते, आणि मग दोष स्पीकरचा समजून तो बदलला जातो. तिला टायने बांधा. जड स्पीकरला वरच्या स्लॅबपासून सेफ्टी वायर हवीच.

ग्रिल (स्पीकरवरची जाळी) लावण्याआधी अ‍ॅम्पकडच्या टोकांना 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असताना प्रत्येक वूफर बाहेर यायला हवा. एखादा आत गेला तर त्याच्या तारा उलट्या आहेत, आणि जोडीचा बास गायब होतो. ग्रिल रंगवायची असेल तर आतलं कापड काढून पातळ स्प्रेचे दोन हात द्या. ब्रशने रंगवली की भोकं बुजतात.