मेस्त्री, मास्तर आणि मॅजिस्ट्रेट एकाच घरातले कसे? शब्दाचं मूळ स्वतः शोधायची पद्धत

व्हॉट्सॲपवर शब्दांच्या व्युत्पत्तीचे फॉरवर्ड रोज फिरत असतात आणि त्यातले बरेचसे फक्त दोन शब्द सारखे ऐकू येतात एवढ्यावरच रचलेले असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण खरी गोष्ट त्यापेक्षा कितीतरी भारी असते आणि ती शोधायला भाषाशास्त्राची डिग्री लागत नाही. थोडा धीर लागतो आणि पद्धत लागते. ती पद्धत मी इथे एकाच शब्दावर करून दाखवतो, शब्द घेतोय मेस्त्री, कारण तो कोकणात आडनावात आहे, मुंबईत गॅरेजमध्ये आहे, बांधकामावर आहे आणि त्याचं मूळ थेट रोमपर्यंत जातं.

सगळ्यात आधी डिक्शनरी उघडू नका. आधी एक कागद घ्या आणि तो शब्द आपल्या आजूबाजूला कोण कसा बोलतं ते लिहून काढा. मेस्त्री, मिस्त्री, मेस्तरी, मिस्तरी. गोव्यात कोकणीत मेस्त, म्हणजे सुतार. कन्नडमध्ये मेस्त्री, तमिळ आणि मल्याळममध्ये मेस्तिरी, तिकडे गवंडी किंवा मजुरांवरचा मुकादम. ब्रिटिशांच्या काळात आंध्र किनाऱ्यावरून ब्रह्मदेशात मजूर नेणारे जे मुकादम होते त्यांनाही मेस्त्रीच म्हणायचे. पारशी लोकांत मिस्त्री आडनाव आहे, ते बांधकामाच्या धंद्यावरून आलेलं. हे सगळं समोर मांडलं की एक गोष्ट लगेच दिसते, अर्थ सगळीकडे हाताचं कसब असलेला माणूस किंवा कामगारांवरचा माणूस असाच आहे, आणि शब्द मराठी-गुजरातीपासून थेट तमिळपर्यंत पसरलाय. इतक्या वेगवेगळ्या भाषांत एकच शब्द धंद्यासकट सापडला तर तो बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो.

मग प्रश्न येतो आणला कोणी. इथे इतिहास लागतो, पण शाळेत शिकलो तेवढा पुरतो. वास्को द गामा 1498 ला कालिकतला आला, 1510 ला गोवा पोर्तुगीजांकडे गेला, 1534 ला वसई, आणि 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तोपर्यंत उत्तर कोकणात दोनशे वर्षं त्यांचं बस्तान होतं. या काळात त्यांनी किल्ले बांधले, चर्च बांधली, जहाजं बांधली, आणि या प्रत्येक कामावर सुतार, गवंडी, लोहार आपल्याकडचे होते. पोर्तुगीज भाषेत कारागिरांच्या प्रमुखाला, जहाजावरच्या प्रमुख खलाशाला आणि शिक्षकालाही मेस्त्रे म्हणतात. म्हणजे शब्द कुठल्या रस्त्याने आला ते कळलं, कामाच्या जागेवरून आला.

आता डिक्शनरी उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती 1831, वाढवलेली दुसरी 1857) शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट सर्च करता येतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, जुनं स्पेलिंग वेगळं असू शकतं म्हणून वर लिहून काढलेली सगळी रूपं एकेक करून टाकून बघा, एका रूपाला उत्तर आलं नाही म्हणजे शब्द नाही असं नसतं. दुसरं, त्यात शब्दापुढे मुळाची खूण असते आणि पी हे अक्षर दिसलं की लोक पोर्तुगीज समजतात, ते फारसीचं आहे! यावरून कितीतरी चुकीच्या व्युत्पत्त्या पसरल्यात. नंतर कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्तिकोश बघा, आणि पोर्तुगीज शब्दांसाठी मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांचं 1913 सालचं काम बघाच. हे दालगादो गोव्यातल्या आसगावचे, पोर्तुगीज शब्द आशियातल्या कुठल्या कुठल्या भाषांत गेले ते त्यांनी शब्दवार मांडून ठेवलंय आणि आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही, ते घ्यायला हवं.

इथून पुढे युरोपात शिरायचं आणि हाच खरा मजेचा भाग. पोर्तुगीज मेस्त्रे, स्पॅनिश आणि इटालियन माएस्त्रो, फ्रेंच मेत्र, जर्मन माइस्टर, इंग्रजी मास्टर. सगळे लॅटिन मागिस्तेर या एका शब्दाचे. पण सारखे दिसतात म्हणून मान्य करू नका, उच्चार बदलायला नियम सापडतो का ते बघा. मागिस्तेरमधला ग गेला कुठे? तर लॅटिनमध्ये दोन स्वरांमधला ग पुढे इ किंवा ए असला की या भाषांत बऱ्याचदा विरघळून जातो. राणीला लॅटिनमध्ये रेगीना, स्पॅनिशमध्ये रेइना, फ्रेंचमध्ये रेन. तिथेही ग गायब. म्हणजे हा योगायोग नाही. आणि फ्रेंच मेत्रमधला स? तो जुन्या फ्रेंचमध्ये होता, उच्चारातून गेला, आणि लिहिताना त्याच्या जागी आय या अक्षरावर छोटी टोपी राहिली. हीच टोपी फ्रेंच फेत म्हणजे उत्सव या शब्दावर पण आहे, आणि त्याचाच पोर्तुगीज भाऊ फेस्ता, ज्याचं गोव्यात फेस्त झालं. आपल्या फेस्तात स टिकला आणि पॅरिसमध्ये गेला. एकच नियम दोन-तीन वेगळ्या शब्दांना लागू पडला की समजायचं आपण बरोबर रस्त्यावर आहोत.

पुढची पायरी अर्थाची. मूळ शब्दाची फोड करा. मागिस म्हणजे जास्त, आणि तेर हा तुलनेचा प्रत्यय. म्हणजे जो इतरांपेक्षा वरचा तो मागिस्तेर. रोममध्ये घोडदळाचा प्रमुख मागिस्तेर, जहाजाचा कप्तान मागिस्तेर, पोरांना शिकवणाराही मागिस्तेर. मध्ययुगात युरोपात कारागिरांचे संघ झाले, शिकाऊ पोरगा वर्षानुवर्षं काम करून शेवटी मास्टर व्हायचा, आणि विद्यापीठांनीही तेच नाव पदवीला दिलं म्हणून आजची एमए. पुढे प्रत्येक भाषेने आपल्याला हवा तो तुकडा उचलला. इटलीत माएस्त्रो म्हणजे संगीतातला उस्ताद, डचमध्ये मेस्टर शाळेतला गुरुजी, फ्रान्समध्ये वकिलाला मेत्र म्हणून हाक मारतात, आणि दक्षिण फ्रान्समध्ये जो जोरदार थंड वारा सुटतो त्याचं नाव मिस्त्राल, म्हणजे वाऱ्यांमधला मालक. हे नाव मला फार आवडतं.

आणि मराठीत तर हा शब्द एकदा नाही, पुन्हा पुन्हा आलाय. पोर्तुगीजांकडून मेस्त्री आला तो हातोडी-रंध्याकडे गेला. मग इंग्रजांकडून मास्टर आला त्याचा मास्तर झाला आणि तो शाळेत, पोस्टात, स्टेशनात, बँडमध्ये आणि शिलाईच्या दुकानात बसला. नाटकवाल्यांनी तो मानाने लावला, मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव. मिस्टर हे मास्टरचंच झिजलेलं रूप, मिसेस आणि मिस पण त्याच कुटुंबातल्या. मॅजिस्ट्रेट कोर्टातून आला. शब्द शोधताना हे नेहमी तपासा, एकच मूळ वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा आलंय का, कारण अर्थ का वेगळे पडले ते त्या वाटांवरूनच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाची काळजी, उसना शब्द आणि नात्यातला शब्द यात गल्लत करू नका. मागिसचं मूळ आणि संस्कृत महत् चं मूळ एकच आहे, आणि तो तेर प्रत्ययही आपल्या तर चा भाऊबंद (उच्चतर, गुरुतर मधला). म्हणजे मागिस्तेर ज्या साच्यात बनला त्याच साच्यात इकडे महत्तर बनला, आणि महत्तर वरून मराठीत काय आलं? म्हातारा! पण याचा अर्थ लॅटिन शब्द संस्कृतातून निघाला असा होत नाही, दोन्ही कुठल्यातरी जुन्या एकाच भाषेतून वेगवेगळ्या दिशांना गेले. फॉरवर्डवाले नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग सगळं जग संस्कृतातून काढतात, त्याने संस्कृतचाही मान वाढत नाही. म्हातारा घरचा आहे, मेस्त्री पाहुणा म्हणून आला आणि राहिला, आणि दोघं लांबचे चुलतभाऊ आहेत, असं म्हणा, हे जास्त खरं आहे.

फसवे शब्द पण असतात. मिनिस्टर आणि मंत्री सारखे वाटतात पण मंत्री संस्कृत मंत्रवरून, आणि मिनिस्टर लॅटिन मिनुस म्हणजे कमी यावरून, मूळ अर्थ सेवक, म्हणजे मागिस्तेरच्या बरोबर उलटा. पोर्तुगीजमध्ये मेस्तेर असाही शब्द आहे, अर्थ धंदा किंवा कसब, कोणीही म्हणेल हा मेस्त्रेचाच, पण तो या मिनिस्टरच्या घरातला आहे.

स्वतः करून बघायचं असेल तर चावी घ्या. पोर्तुगीज शावे, स्पॅनिश यावे, इटालियन क्यावे, फ्रेंच क्ले, लॅटिन क्लाविस, आणि सुरुवातीच्या क्ल चं प्रत्येक भाषेत काय झालं ते लिहून काढा. मग पगार घ्या, तो मागे मागे जात लॅटिनमधल्या शांततेच्या शब्दापर्यंत पोचतो, देणेकऱ्याने पैसे देऊन घेणेकऱ्याला शांत करायचं या अर्थाने. पाव आणि पाद्री सोपे आहेत. साबण मात्र पहिल्यांदा घेऊ नका, तो पोर्तुगीजमध्येही आहे आणि अरबीतही, दोन्ही वाटा आपल्याकडेच येतात आणि नवीन माणूस तिथे हमखास अडकतो.